जुनी आउटबोर्ड मोटर: आधी नंबर वाचा, मग पाना उचला

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल नावाच्या गावाच्या बंदराजवळ राहतो. शेजारच्या आजींचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. गेल्या महिन्यात आजींनी बागेतली शेड रिकामी करायला काढली, म्हणून मी हात लावायला गेलो. गवत कापायच्या यंत्रामागे जुन्या घोंगडीत गुंडाळून काहीतरी उभं केलं होतं. घोंगडी सोडली तर आत आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन. वर पितळेची टाकी, तिच्याशेजारी उघडं फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक), त्याला दोरी गुंडाळायची खाच, मग सरळ खाली गेलेली लांब नळी आणि टोकाला पंखा. कुठेही झाकण नाही, आवरण नाही. आजी म्हणाल्या, "शनिवारी भंगारवाला येतोय. हवी असेल तर त्याआधी ने."

ती ब्रिटिश सीगल आहे. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १९३१ साली वुल्वरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन कंपनीने 'मार्स्टन सीगल' म्हणून ही सुरू केली. पुढे धंदा पूलला आला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी या मोटरी मोठ्या संख्येने बनल्या. 'द बेस्ट आउटबोर्ड मोटर फॉर द वर्ल्ड' असं कंपनी जाहिरातीत छातीठोकपणे लिहायची. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे माझ्या हाती आलेलं यंत्र याच गावात जन्मलं, इथल्याच खाडीत चाललं आणि इथल्याच शेडमध्ये निजलं. ते भंगारात जाऊ देणं मला शक्यच नव्हतं.

हा धागा काढण्याचं खरं कारण दुसरं आहे. चार वर्षांपूर्वी जुन्या बोटसामानाच्या बाजारातून मी एक सीगल आणली होती. घरी आल्या आल्या ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि संध्याकाळपर्यंत ती चकचकीत केली. क्रँककेसवर, म्हणजे फ्लायव्हीलखालच्या गोल डब्यावर, ठोकलेल्या नंबराची शेवटची दोन अक्षरं त्या ब्रशखाली गेली. ती मोटर कुठल्या सालची, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. त्याची बोच मला अजून आहे. म्हणून जुनी मोटर हाती आलेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: घासण्याआधी, रंगवण्याआधी, एकही बोल्ट सैल करण्याआधी नंबर शोधा, वाचा, फोटो काढा आणि कागदावर लिहून ठेवा.

सीगलवर नंबर क्रँककेसवरच ठोकलेला असतो. सुरुवातीची अक्षरं जात सांगतात, मधले आकडे अनुक्रमांक. शेवटी एक अक्षर आणि एक आकडा असतो, तो महिना आणि साल. ही महिना-सालाची पद्धत १९६३ नंतरच्या मोटरींवर मिळते. साठच्या दशकात अक्षर एकेरी, सत्तरच्या दशकात तेच अक्षर जोडीने. माझ्या मोटरीवर सुरुवातीला 'एफ' आणि शेवटी 'डी६' आहे. एफ म्हणजे फॉर्टी, सीगलमधली लहान चणीची. डी म्हणजे चौथा महिना, ६ म्हणजे १९६६. एप्रिल १९६६!

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं."

मोटर अजून बंद आहे. दोरी ओढली तर फ्लायव्हील फिरतं, म्हणजे पिस्टन जाम नाही. प्लग काढून पाहिला, काजळीने भरलाय. गिअरबॉक्सचा स्क्रू उघडला तर आतून दुधासारखं पांढुरकं तेल आलं. जुनी टू-स्ट्रोक यंत्रं हाताळलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

टॉर्करेंच

धागा मनापासून आवडला. मी पुण्यात जुन्या लँब्रेटा आणि येझ्दी दुरुस्त करतो. बोटीच्या मोटरीला कधी हात लावलेला नाही, पण टू-स्ट्रोक सगळीकडे टू-स्ट्रोकच.

आधी करंट बघा. प्लग बाहेर काढून वायरला जोडा, त्याची बॉडी इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवा आणि अंधारात दोरी ओढा. निळी, जाड, टच्च आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक ठिणगी बाहेर दिसते, पण सिलिंडरमध्ये दाबाखाली विझते. बहुतेक वेळा दोष पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा असतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर पॉइंटवर थर चढतो, तो इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही. बारीक पॉलिश पेपरची पट्टी मध्ये धरून दोनदा ओढा, मग कोरा कागद ओढून धूळ काढा. ही शेवटची पायरी लोक विसरतात.

तेलाचं मिश्रण किती घालणार आहात?

खाडीपल्याड

मोटरीच्या जुन्या पुस्तिकेत दहाला एक लिहिलंय. म्हणजे लिटरभर पेट्रोलला १०० मिली तेल! स्कूटरच्या हिशोबाने हे फारच वाटतं, म्हणून अजून घातलेलं नाही.

टॉर्करेंच

मलाही वाचून धक्का बसला. इथे पंपावर स्कूटरला टू-टी तेल मारून घ्यायचो, पण याच्या आसपासही नाही. क्रँकशाफ्ट कशावर फिरतोय? बॉल बेअरिंग आहे की बुश, म्हणजे नुसती धातूची नळी?

खाडीपल्याड

फॉस्फर ब्राँझचे साधे बुश.

टॉर्करेंच

मग कोडं सुटलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे एक पंपच. पिस्टन खाली आला की खालचं मिश्रण दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. तिथे दाब टिकला नाही तर इंजिन सुरूच होत नाही. तुमच्याकडे बुश आणि शाफ्टमधल्या फटीत असलेलं तेलच वंगण आहे आणि तेलच सीलही आहे. तेल कमी केलंत तर बुश झिजणार आणि दाबही गळणार. एक गोष्ट आणखी. तेल कमी केलं की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल जास्त जातं, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण श्रीमंत होतं आणि इंजिन गुदमरतं. प्रमाण बदलायचं असेल तर कार्बोरेटरची सुई बदलावी लागेल.

खाडीपल्याड

अगदी बरोबर. नंतरच्या काळातल्या सीगल पंचवीसला एकवर चालायच्या, आणि जुनीला त्यावर आणायचं तर सुई बदलतात. मी मात्र दहाला एकच ठेवायचं ठरवलंय. मनात खटकतं ते एवढंच की इतकं तेल खाडीच्या पाण्यावर तरंग सोडणार. म्हणून ही रोज फिरवायची मोटर नाही. वर्षातून चार-पाच वेळा, थोडा वेळ.

मालवणीमशीन

दुधासारखं तेल बघून घाबरू नका, पण कारण शोधा. आमच्याकडे होडीच्या मशीनच्या खालच्या भागातून असं तेल निघालं तर आम्ही लगेच ऑइल सील बदलतो, कारण आत पाणी शिरलेलं असतं. दोन फेऱ्या तसंच चालवलं तर गिअर खाऊन टाकतं. तेल कायम खालच्या स्क्रूतून वर भरायचं, वरच्या स्क्रूतून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवेचा फुगा राहतो.

आमचे बाबा सांगायचे, "मशीन बंद केल्यार पयलां गोड्या पाण्यान धुवून घेवचां." पिंपात गोडं पाणी भरून त्यात पाच मिनिटं मशीन चालवायची, मगच घरी जेवायला. खारं पाणी आत सुकलं की मिठाचा दगड होतो आणि पाण्याची वाट बंद होते. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचंही तसंच. सुरू पेट्रोलवर करायची, तापली की रॉकेलवर घ्यायची, आणि किनाऱ्याला लागताना परत पेट्रोलवर आणूनच बंद करायची. कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरलं तर सकाळी दोरी ओढून ओढून हात भरून येतात.

खाडीपल्याड

मनःपूर्वक आभार. बाबांचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

सीलबद्दल मात्र सीगलची तऱ्हा वेगळी आहे. काल गिअरबॉक्स उघडला. पंख्याच्या शाफ्टला ऑइल सील नाहीच! मुळातच दिलेलं नाही. जाड १४० नंबरचं गिअर तेल आणि लांब बेअरिंग यांच्या भरवशावर सगळं चालतं. थोडं पाणी आत येणार, तेलात मिसळणार आणि पांढुरकं होणार, हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. तेल नियमित बदलायचं, एवढाच उपाय. १९६६ पासूनचे गिअर बघून मी थक्क झालो, दात अजून धारदार आहेत.

पाण्याचा पंपही असाच. आजच्या मोटरींमध्ये रबरी पंख असतात, ते कडक होतात, तुटतात आणि दर एक-दोन वर्षांनी बदलावे लागतात. सीगलमध्ये रबर नाही, पाणी भिरकावून वर चढवणारं साधं चाक आहे. पंखा शाफ्टला पिनेने नाही तर जाड स्प्रिंगने जोडलेला. दगडाला आपटला तर स्प्रिंग झटका खाते. दुरुस्त करणाऱ्याकडे फारशी हत्यारं नसतील, तो किनाऱ्यावर वाळूत बसून काम करणार आहे, असं गृहीत धरून कोणीतरी हे सगळं आखलेलं दिसतं. मला त्या आखणाऱ्याबद्दल फार आदर वाटतो.

मांडवीकाठ

मी नुसती वाचत होते, पण आता लिहायलाच हवं. माझे मामा बोटीवर होते, सत्तर-ऐंशीच्या दशकात मालवाहू जहाजांवर. आमच्या गोव्यातल्या बेतीच्या घरी माडीवर अशीच एक मोटर आहे, अशीच उघडी, झाकण नसलेली. मामा कुठल्याशा बंदरातून घेऊन आले होते. लहानपणी त्यांनी आम्हाला त्या मोटरीवर मांडवीतून फिरवलंय. तिचा आवाज आणि निळा धूर अजून आठवतो. आता मामा ऐंशीच्या पुढे आहेत, दृष्टी अधू झालीय. मोटर सीगलच आहे का, हे कसं ओळखू? वरचं चित्र पूर्ण गेलंय.

खाडीपल्याड

मांडवीकाठताई, वर्णनावरून तसंच वाटतंय. कृपया काहीही घासू नका. मऊ कापड आणि थोडं रॉकेल घेऊन क्रँककेस, म्हणजे फ्लायव्हीलच्या खालचा गोल डबा, अलगद पुसा. उजेड बाजूने टाका, समोरून नाही. टॉर्च पृष्ठभागाला समांतर धरली की ठोकलेल्या अक्षरांची सावली पडते. तरीही दिसलं नाही तर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं.

रंगारी७

माझं मत वेगळं आहे. मोटर चालणार असेल तर रंगही नवा असावा. गंज तसाच ठेवणं म्हणजे यंत्राचा अपमान. वाळू मारून सगळं काढा, प्रायमर द्या, जुन्या छटेशी जुळवून रंग मारा, टाकीवर नवं चित्र लावा. आपल्याकडे जुन्या गाड्या अशाच सजवतात आणि लोक कौतुकाने बघतात.

मिलवॉकीकर

रंगारी, तुमचा मुद्दा मोडीत काढत नाही, पण इथला अनुभव सांगतो. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, आउटबोर्डच्या माहेरघरात. ओले एव्हिनरुड नॉर्वेहून लहानपणी इथे आलेला. सांगतात की ओकाऊची तळ्यावर सहलीला गेले असताना होणाऱ्या बायकोला आइसक्रीम हवं होतं. तो वल्हवत आणायला गेला, आणि परत येईपर्यंत ते वितळून गेलं. मोटरीची कल्पना तिथून सुचली म्हणे. १९०९ मध्ये मिलवॉकीत त्याने विकायला काढलेली मोटर दीड अश्वशक्तीची, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. धंद्याची बाजू बायकोने, बेस एव्हिनरुडने सांभाळली. 'वल्हवू नका, वल्ही फेकून द्या' ही जाहिरात तिचीच. त्या पहिल्या मोटरींना दोरी नव्हती. फ्लायव्हीलवर लाकडी मूठ असायची, ती धरून चाक फिरवायचं आणि इंजिन सुरू होताच हात काढून घ्यायचा. नाही काढला तर बोटं फुटायची.

आता मुद्द्यावर येतो. इथे जुन्या मोटरी जपणाऱ्यांचा क्लब १९६५ पासून आहे. तिथे गेल्यावर दिसतं की जिचा मूळ रंग आणि मूळ चित्र शाबूत आहे, भले फिकट असेल, तिच्याभोवती माणसं जास्त वेळ उभी राहतात. नवा रंग कधीही देता येतो. मूळ रंग एकदा गेला की गेला.

माझ्याकडे जॉन्सन सीहॉर्स आहे, दहा अश्वशक्तीची, क्यूडी-१७, १९५६ सालची. हीच क्यूडी मालिका १९४९ मध्ये आली तेव्हा पुढे-मागे-न्यूट्रल असा गिअर आणि होडीत वेगळी ठेवायची टाकी, या दोन्ही गोष्टी एकत्र घेऊन आली. त्याआधी बहुतेक मोटरी सुरू झाल्या की होडी निघालीच. मॉडेलची पट्टी होडीच्या फळीला आवळायच्या ब्रॅकेटवर असते.

त्या टाकीबद्दल मात्र सावध राहा. होडीतून मोटरीकडे एक नाही, दोन नळ्या जातात. एका नळीतून क्रँककेसमधला दाब टाकीत जातो, दुसरीतून त्या दाबाने पेट्रोल परत येतं. म्हणजे टाकीत कायम दाबाखालचं पेट्रोल. झाकणाचं पॅकिंग कडक झालं असेल तर फवारा उडतो. मी दोन्ही नळ्या आणि सगळी पॅकिंग बदलल्याशिवाय ती टाकी होडीत ठेवली नाही.

या मोटरीत आणखी एक ठरलेला दोष आहे. फ्लायव्हीलखाली दोन कॉइल असतात. त्यांच्यावरचं त्या काळचं प्लॅस्टिक जागोजागी तडकतं, दमट हवेत करंट तिथूनच पळतो. माझ्या दोन्ही तडकलेल्या निघाल्या. नव्या मिळतात, बसवल्या, पॉइंटची फट ०.०२० इंच ठेवली आणि तिसऱ्या ओढीला मोटर सुरू झाली. फ्लायव्हील काढताना कडेला जबड्याचा पुलर लावू नका, कड वाकते. मधल्या तीन आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून ओढणारा पुलर लावा. मिश्रण चोवीसला एक.

रंगारी७

मूळ रंग परत येत नाही, हे पटलं. माझ्या डोक्यात गाड्याच होत्या. पण मग उघड्या पडलेल्या लोखंडाचं काय?

मिलवॉकीकर

तिथे फक्त गंज थांबवा. मेणाचा हलका हात पुरतो. जिथे धातू खाल्ला जातोय तिथेच रंग, बाकी जागा तशीच.

मालवणीमशीन

मिलवॉकीकर, एक विचारायचं होतं. इथे एकाकडे एव्हिनरुडची मशीन आहे, वरचा रंग तीनदा बदललाय. पट्टीवर बरीच इंग्रजी अक्षरं आहेत, शेवटून तिसरं 'सी' आणि दुसरं 'यू'. मालक म्हणतो १९९० ची.

मिलवॉकीकर

१९८७ ची. १९८० पासून जॉन्सन आणि एव्हिनरुड दोन्हींना एकच सांकेतिक शब्द वापरला जायचा, इंग्रजी 'इंट्रोड्यूसेस'. त्यात दहा अक्षरं आहेत आणि एकही दोनदा नाही. शेवटचा एस शून्यासाठी. आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. तेव्हा सी-यू म्हणजे ८७. सगळ्यात शेवटचं अक्षर सालाचं नसतं, त्या वर्षातल्या सुधारणेचं असतं. लोक तिथेच चुकतात.

पट्टी गेलेली असेल तर सिलिंडरच्या ब्लॉकवर नाण्याएवढी गोल धातूची चकती बसवलेली दिसेल. नंतरच्या काळातल्या मोटरींवर तिच्यावरही मॉडेल नंबर ठोकलेला असतो. दोन्ही बनवणारी कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, नाव दुसऱ्यांकडे गेलं, आणि २०२० मध्ये एव्हिनरुड बनणंही थांबलं. तरी या मोटरींचे झिजणारे सुटे भाग बाहेरच्या कंपन्या बनवतात. साल आणि मॉडेल अचूक सांगितलं तरच योग्य भाग मिळतो. धागाकर्ते नंबरासाठी एवढे का तळमळतायत ते इथे कळतं.

मालवणीमशीन

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, म्हणूनच गेल्या वर्षी मागवलेला पंप बसला नव्हता.

खाडीपल्याड

तीन आठवड्यांनी परत आलोय. काय काय झालं ते सविस्तर लिहितो.

टाकी पितळेची, त्यामुळे गंज नव्हता, पण तळाशी जुन्या पेट्रोलचा मधासारखा थर होता. ॲसिटोन आणि मूठभर लहान नट आत घालून अर्धा तास हलवली, तीनदा धुतली. तळाच्या सांध्यातून थेंब येत होता, तिथे डाग द्यायचा होता. पेट्रोलच्या टाकीला ज्योत लावणं जिवावर बेतू शकतं, टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते. म्हणून साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुतली, दोन दिवस उघडी ठेवली आणि सांध्यापर्यंत पाण्याने भरून मगच, तेही ज्योतीने नाही, मोठ्या इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने डाग दिला.

पेट्रोलचा कॉक ओढायचा-दाबायचा आहे, आत बुचाचा तुकडा. पडून पडून बूच आकसतं आणि गळतं. टाकून देणार होतो, पण गरम पाण्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी फुगून घट्ट बसलं. आता ते सुकू द्यायचं नाही. इथेनॉलचं पेट्रोलही नको. इथे २०२१ च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये १०% पर्यंत इथेनॉल असतं, भारतात तर २०% पर्यंत गेलंय. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात, नेमके कॉकच्या तोंडाशी. जुन्या बुचावरचा आणि नळ्यांवरचा लेपही ते सोडवतं. म्हणून थोडं महाग, कमी इथेनॉलचं पेट्रोल आणतो, आणि फेरी संपली की कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मोटर चालवतो.

सिलिंडरच्या पाण्याच्या वाटेत मालवणीमशीन म्हणाले तसा मिठाचा दगडच होता. ओतीव लोखंडाचा ब्लॉक वेगळा काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात दोन दिवस बुडवला, मधून मधून तारेने टोकरला. सहा बोल्टपैकी एक निघेना. गरम करायचा, मेणबत्ती टेकवायची, थंड होऊ द्यायचा, परत गरम. मेण वितळून आट्यांत शिरतं. चौथ्या दिवशी तो 'टक' करून हलला. जोर लावला असता तर तुटला असता आणि मग ड्रिल करण्यात महिना गेला असता. जुन्या यंत्रात घाई केली की यंत्र मोडतं.

पॉइंट टॉर्करेंच यांच्या सांगण्याप्रमाणे साफ केले. १८ मिमीचा नवा प्लग आणला, फट ०.०२० इंच. ठिणगी निळी, जाड.

काल बागेत चाचणी घेतली. मोठ्या कचऱ्याच्या डब्यात पाणी भरलं. पंखा काढून ठेवला, नाहीतर डब्यातलं सगळं पाणी बाहेर फेकतो. पण मोटर पाण्याबाहेर कोरडी कधीच चालवायची नाही. कार्बोरेटरची कळ दाबून पेट्रोल ओघळू दिलं, दोरीची गाठ खाचेत अडकवली, दोन वेढे दिले. दोरी सुटून मागे झेपावते, म्हणून मुलांना घरात बसवलं. नऊ ओढींपर्यंत काही नाही. दहावीला एक ठसका, बाराव्या ओढीला सुरू.

आजी कुंपणापलीकडे येऊन उभ्या होत्या. पाणी बाहेर पडताना दिसलं तेव्हा त्यांनी मला खूण केली, बोट दाखवून. म्हणजे काय बघायचं असतं हे त्यांना माहीत होतं. मोटर बंद केल्यावर त्यांनी सांगितलं की लग्नानंतरची पहिली दोन वर्षं यजमान सुकाणू धरायचे आणि दोरी त्या ओढायच्या, कारण यजमानांना पाठीचा त्रास होता. हे मला कोणी सांगितलंच नसतं.

रंगारी७, टाकीचा रंग तसाच ठेवलाय. दोरी सुटताना जिथे आपटायची तिथे एक तिरका ओरखडा आहे, तो आता मुद्दाम जपणार आहे.

टॉर्करेंच

वा! वाचून फार आनंद झाला. बाराव्या ओढीला म्हणजे अजून थोडी हवा कुठूनतरी गळतेय. कार्बोरेटर बसतो तिथला सांधा बघा. मोटर चालू असताना तिथे तेलाचा एक थेंब सोडा. आवाज बदलला तर गळती तिथेच.

खाडीपल्याड

बघितलं. तिथेच होती. आता चौथ्या ओढीला सुरू होते.

रंगारी७

ओरखड्यावर मेण लावायला विसरू नका.

मांडवीकाठ

नंबर सापडला! तुम्ही सांगितल्याप्रमाणे टॉर्च बाजूने धरली तरी नीट दिसेना, शेवटी पेन्सिलीने छाप काढला. सुरुवातीला डब्ल्यू, एस, पी, सी. मधले आकडे पाच. शेवटी जी, जी आणि ५. दोन जी आहेत हे तीनदा तपासलं.

खाडीपल्याड

ताई, अभिनंदन! सीगलच आहे, सिल्व्हर सेंच्युरी प्लस. शेवटचं सी म्हणजे क्लच आहे, त्यामुळे सुरू होताच होडी धावणार नाही. माझ्या मोटरीपेक्षा पुष्कळ मोठी आणि जड होडी ढकलणारी मोटर. जी म्हणजे सातवा महिना, जोडीने आहे म्हणून सत्तरचं दशक. जुलै १९७५.

फ्लायव्हील हाताने फिरतं का ते अलगद बघा. अडलं तर जोर लावू नका. प्लग काढून आत दोन चमचे इंजिन तेल सोडा आणि आठवडाभर तसंच राहू द्या.

मांडवीकाठ

१९७५? मामा तर म्हणतात मोटर त्यांनी नवी कोरी घेतली आणि साल १९७८. तीन वर्षं ती कुठे होती?

मिलवॉकीकर

दुकानात पडून असू शकते, किंवा कोणीतरी आधी वापरलेली असू शकते. पंख्याच्या पात्यांच्या कडा आणि फळीला आवळायच्या स्क्रूंचे ठसे बघा. पण मामांना बंदर कुठलं होतं ते आधी विचारा.

मांडवीकाठ

विचारलं. म्हणाले, जरा थांब, जुनी सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, पेटीत आहे, तिच्यात जहाजांच्या नोंदी असतील. उद्या पेटी उघडणार आहोत. फ्लायव्हील फिरतंय.